आईला घेऊन पाणबुडीत: विशाखापट्टणमची कुर्सुरा

चहाबाज

मध्यंतरी इथे कुणीतरी विचारलं होतं, ज्येष्ठांना घेऊन विशाखापट्टणमला गेलं तर ती किनाऱ्यावरची पाणबुडी आतून बघता येते का. मी तेव्हा "जाऊन आलो की लिहितो" म्हणून मोकळा झालो. जाऊन आलो. लिहायला तीन आठवडे लागले, त्याबद्दल शिव्या घाला.

आम्ही चौघं: मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि आई. आई बहात्तरची, उजवा गुडघा दुखरा. पण "तुम्ही या बघून, मी बसते बाहेर" असं ती आजवर एकदाही म्हणालेली नाही. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस धरली. सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा करत गाडी जाते. दशम्या, चटणी आणि पत्ते असले की प्रवास निघतो.

पहिला मूर्खपणा माझा. सोमवारी गेलो. संग्रहालय सोमवारी बंद. रिक्षावाला "मंडे क्लोज" असं दोनदा म्हणाला होता, मी त्यालाच उलट शहाणपणा शिकवला. बंद फाटकासमोर उभं राहून चौघांनी मुरी मिक्श्चर खाल्लं (आपली भेळ, पण लिंबू सढळ हाताने), आणि आई म्हणाली, "बाहेरून तरी नीट बघून घेऊ."

बाहेरून बघण्यासारखी आहेच. आर. के. बीचवर, रस्ता आणि लाटा यांच्या मधोमध, काँक्रीटच्या बैठकीवर ९१ मीटर लांबीचं काळं धूड बसवलंय. "लांबट वांगं," इति आई. रुंदी मात्र जेमतेम साडेसात मीटर, आणि आत माणसाच्या वाट्याला येते ती त्याहून पुष्कळ कमी. ही आपल्या नौदलाच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी एक. सोव्हिएत बनावटीची, ज्याला नाटोवाले 'फॉक्सट्रॉट' म्हणतात त्या जातीची. १८ डिसेंबर १९६९ ला रीगा बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली, फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त, आणि ऑगस्ट २००२ पासून लोकांसाठी खुली.

मंगळवारी दुपारी परत गेलो. कामाच्या दिवशी दुपारनंतरच उघडतं, पण वेळा बदलत असतात, तेव्हा जाण्याआधी बघून घ्या. रांगेत लेकीने विचारलं, "पाणबुडीला खिडक्या असतात?" नाही म्हटलं. "मग त्यांना बाहेरचं दिसतं कसं?" बायको म्हणाली, "दिसत नाही, ऐकू येतं." मला हे उत्तर सुचलं नसतं.

पोलादी जिना चढून कुशीतल्या दारातून आत शिरायचं. हे दार पर्यटकांसाठी नंतर कापलेलं. खरे खलाशी वरच्या झाकणातून शिडीने उतरायचे. आत आल्याबरोबर पुढच्या टॉर्पेडो नळ्या (टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून सोडायचं स्फोटक अस्त्र). सहा पुढे, चार मागे, एकूण बावीस टॉर्पेडो घेऊन ही बोट निघायची. आणि त्या टॉर्पेडोंच्या अंगालाच खलाशांच्या झोपायच्या फळ्या. लेकीला हे भयंकर आवडलं. बायकोला भयंकर वाटलं.

मग एकामागून एक कप्पे. अधिकाऱ्यांच्या खोल्या (रेल्वेच्या एसी फर्स्टचा कूपे आठवा आणि निम्मा करा), सोनारची (पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राची) जागा, पेरिस्कोपचा (पाण्याबाहेर डोकावायच्या दुर्बिणीचा) कप्पा. भिंत म्हणून नाहीच कुठे. जिथे भिंत असायची तिथे चाकं, झडपा, नळ आणि तबकड्या. माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात. आम्हाला भेटलेले काका हिंदी, तेलुगू, इंग्रजी असं पालटून पालटून बोलत होते आणि समोरच्या पोराचं वय बघून सांगण्यातलं काय गाळायचं ते ठरवत होते.

आणि मग स्वयंपाकघर आलं.

आई थांबली. मागची रांग तुंबली तरी थांबली. आमच्या घरातल्या देवघराहून थोडीशीच मोठी जागा. काकांनी सांगितलं, बोटीवर पंचाहत्तर माणसं असायची. आईने विचारलं, "पचत्तर का खाना यहाँ?" होय म्हणाले. आई गिरगावातल्या चाळीत वाढलेली, दोन खोल्या आणि अकरा माणसं. इतका वेळ झडपांकडे ती पाहुण्यासारखी बघत होती. इथे तिने जागेचा ताबाच घेतला. लेकीला दाखवायला लागली: "हे बघ, फळीखाली फळी. हात उंच केला की डबा लागला पाहिजे, वळावं लागता कामा नये. वळलं तर दुसऱ्याच्या पोटात कोपर." मग काकांना: "बर्तन कौन माँजता था? और पानी कौनसा?"

काका हसले, उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून शाळेची सहल आली आणि आम्ही सगळे पुढे इंजिनाच्या कप्प्यात ढकलले गेलो. आईचा प्रश्न राहिला तो राहिलाच. परतीच्या गाडीत तिने तो तीनदा काढला. इथे कुणी नौदलातलं असेल तर कृपया सांगा, म्हणजे माझी सुटका होईल.

गुडघ्याचं: चढायचा-उतरायचा जिना आहे, आत एकदोन ठिकाणी वाकावं लागतं आणि उंच उंबरठे ओलांडावे लागतात. आईने केलं, सावकाश. बसायला जागा मात्र नाही. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी विचार करून जा.

फोटो नंतर टाकतो.

टिकलीताई

किती छान लिहिलंय! आम्ही दिवाळीनंतर जातोय. मुलगा चार वर्षांचा आहे. नेऊ का? तो प्रत्येक बटण दाबतो.

चहाबाज

@टिकलीताई, न्या. पण कडेवर. आत बटणं दोनचारशे तरी असतील.

खडूस_काकू

मी २००९ मध्ये गेले होते, नागपूरहून. आमच्या ह्यांची उंची सहा फूट एक इंच. बाहेर आले तेव्हा कपाळावर टेंगूळ. एवढंच लक्षात आहे. तुझ्या आईने बघितलं तसं मी काही बघितलं नाही, आता वाईट वाटतंय.

अनवाणी

लेख ठीक. पण मला खरंच कळत नाही, वाळूत आणून ठेवलेली पाणबुडी बघण्यात काय आहे? पाण्यात नाही ती पाणबुडी कसली? आणि पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडवली ती हीच ना? लेखात त्याचा उल्लेखही नाही, भांड्यांवर मात्र दोन परिच्छेद.

ठिपका

@अनवाणी, नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की मला त्याचा कंटाळा आलाय, तरी सांगतो.

गाझी बुडाली ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री, विशाखापट्टणमच्या तोंडाशी. आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या शोधात आली होती आणि विक्रांत तेव्हा अंदमानकडे होती. व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांत विशाखापट्टणमलाच आहे असा देखावा उभा केला होता, त्याला ती फसली. बुडवण्याचं श्रेय आपल्याकडे आयएनएस राजपूत या विनाशिकेला दिलं जातं. पाकिस्तानचं म्हणणं वेगळं, आतल्या स्फोटाचं किंवा सुरुंगाचं. कुर्सुरा त्या युद्धात होती, पण पार दुसऱ्या अंगाला, अरबी समुद्रात गस्तीवर.

गंमत अशी की गाझीही मूळची परकीच. अमेरिकेची 'डायाब्लो' नावाची पाणबुडी, ती पाकिस्तानने भाड्याने घेतली होती. तिचे अवशेष अजून त्याच समुद्रात आहेत, कुर्सुरा उभी आहे त्या शहरासमोर. लोकांची गल्लत होण्याचं कारण तेच असणार: एक पाणबुडी वर दिसते, एक खाली आहे हे ऐकलेलं असतं, मग मनात जोड लागते. त्यात रस्त्यालगत 'व्हिक्टरी ॲट सी' हे युद्धस्मारकही आहे.

धागाकर्त्याला एक पुरवणी. पहिल्या चारांचे क्रमांक बघा: कलवरी एस २३, खांदेरी एस २२, करंज एस २१, कुर्सुरा एस २०. दाखल झाल्या त्या बरोबर उलट क्रमाने. आधी कलवरी, ८ डिसेंबर १९६७ (म्हणून ८ डिसेंबर हा आपला पाणबुडी दिन), सगळ्यात शेवटी कुर्सुरा.

अनवाणी

बरं. गाझीचं मागे घेतो. वाळूचं नाही.

निळीशाई

खांदेरी म्हणजे आपली खांदेरी ना? थळच्या समोरची?

ठिपका

हो. महाराजांनी १६७९ मध्ये बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज व सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून पुरा केला, तीच. नव्या खांदेरीलाही तेच नाव आहे. ती आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २०१९ मध्ये दाखल झाली. नौदलात जुन्या बोटीचं नाव नवीला देतात.

सागरगोटा

वाचनखूण साठवली आहे. एक शंका. इंजिनाच्या कप्प्यात डिझेल इंजिनं असतात म्हणे. मग पाण्याखाली हवा कुठून? डिझेल इंजिनाला तर हवा लागते.

बुडबुडा

सहसा लिहीत नाही, वाचत असतो. फॉक्सट्रॉटवर काही वर्षं काढली आहेत, कुर्सुरावर नाही, तिच्या बहिणीवर. सागरगोटा यांचा प्रश्न मुळातला आहे म्हणून सविस्तर सांगतो. चहाबाज यांच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, भांड्यांच्या प्रश्नाचं उत्तरही देतो, जरा दमानं.

फॉक्सट्रॉट ही खरं तर पाण्याखाली राहणारी बोट नव्हे. ती पाण्याखाली जाऊ शकणारी बोट. फरक मोठा आहे. तीन डिझेल इंजिनं, तीन विजेच्या मोटरी, तीन पंखे. वर असताना डिझेल चालतं. खाली गेलं की डिझेल बंद आणि सगळा भार बॅटरीवर. बॅटरी म्हणजे ४४८ सेल, आणि ते तुमच्या पायाखाली. संग्रहालयात लोक झोपायच्या फळ्यांचे फोटो काढतात ना, त्या जमिनीखाली बॅटऱ्यांचे खड्डे आहेत.

बॅटरी संपत आली की वर यायचं. पूर्ण वर येणं म्हणजे शत्रूला आमंत्रण. म्हणून फक्त पेरिस्कोप पाण्याबाहेर निघेल एवढंच वर यायचं आणि एक नळी, स्नॉर्केल, पाण्याबाहेर काढायची. त्या नळीतून हवा आत, डिझेल सुरू, बॅटरी भरायला लागते. आता खरी मजा. नळीच्या तोंडाला झडप असते. लाट आली की पाणी आत येऊ नये म्हणून झडप आपोआप मिटते. पण इंजिन काही लाटेसाठी थांबत नाही. ते हवा ओढतच राहतं, बाहेरून मिळत नाही तर बोटीतली. म्हणजे तुमच्या कानातली. गाढ झोपेतल्या माणसाचे कान फटकन दडे बसून उघडतात. समुद्र खवळलेला असला की हे रात्रभर. विमानात बसल्यावर लोक कानाची तक्रार करतात तेव्हा मला हसू येतं.

रात्री पेरिस्कोप वर काढायचा असेल तर त्याआधी आतले दिवे लाल. पांढऱ्या उजेडातून अंधारात बघितलं तर डोळ्यांना काही दिसत नाही, लाल उजेडातून गेलं तर दिसतं.

वास. संग्रहालयात वास नाही, ही तिथली सगळ्यात मोठी उणीव, आणि ती भरून काढणं कुणाच्याच हातात नाही. डिझेल, घाम, ओलसर गाद्या, कालची भाजी, बॅटरी. हा वास कपड्याला लागला की निघत नाही. बंदरात आलं की सरळ बंगल्यात न जाता आधी मागच्या दाराने न्हाणीघर, हा आमच्या घरचा कायदा होता.

आता काकूंचं. गोडं पाणी मोजून. प्यायला आणि स्वयंपाकाला, बस्स. आंघोळ विसरा. दाढ्या वाढायच्या त्या हौसेने नव्हे. भांडी पाळीपाळीने, आणि ज्याची पाळी असेल त्याने आधी खाऱ्या पाण्यात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. स्वयंपाकाची चूल विजेची, उघडी ज्योत कुठेही नाही. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, तिथे ज्योत म्हणजे आत्महत्या. बोट खाली असताना तळण बंद, कारण धूर जाणार कुठे? निघताना कांदे-बटाट्याची पोती जिथे जागा मिळेल तिथे कोंबलेली. पाव पहिल्या आठवड्यात संपवायचा, मग डबे.

काकूंना सांगा, "वळावं लागता कामा नये" हे त्यांनी बरोबर ओळखलं. आमच्या आचाऱ्याच्या कोपरांना कायमचे घट्टे होते.

टिकलीताई

हे वाचून अंगावर काटा आला. आणि हसूही आलं. मागचं दार!!

निळीशाई

बुडबुडा, मी न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी असणाऱ्यांच्या बाजूची. वडील पाणबुड्यांवर होते. आमच्या क्वार्टरच्या मोरीत कायम रॉकेलच्या दुकानासारखा वास असायचा आणि मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच बाबांना असा वास येतो. शाळेतल्या मैत्रिणीच्या बाबांना तेलाचा आणि पावडरचा वास आला तेव्हा मी आईला विचारलं होतं, ह्यांच्या बाबांना काय झालंय?

मीही कुर्सुरा बघितली. वडिलांना घेऊनच गेले होते. मला वाटलं होतं ते खूप बोलतील. आत शिरल्यावर त्यांनी एक शब्द काढला नाही. एका झडपेच्या चाकावर हात ठेवला, अर्ध्या मिनिटाने काढला आणि पुढे गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आत उजेड जास्त आहे."

बुडबुडा

@निळीशाई, बरोबर बोलले.

ठिपका

अवांतर: मुलांना नेणाऱ्यांसाठी एक विषय आधीच तयार ठेवा, पाणबुडीतला संडास. मोठ्यांना झडपा दाखवा, मुलांना हे सांगा. माझ्या भाच्याला बाकी काही आठवत नाही.

दर दहा मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. शंभर मीटरवर बाहेरचं पाणी आतल्या हवेच्या अकरापट दाबाने आत घुसायला टपलेलं असतं. अशा ठिकाणी साखळी ओढली आणि झालं, असं नसतं. झडपा ठरलेल्या क्रमाने उघडायच्या आणि मिटायच्या. क्रम चुकला तर जे बाहेर जायचं ते तुमच्या अंगावर. एप्रिल १९४५ मध्ये स्कॉटलंडजवळ यू-१२०६ ही जर्मन पाणबुडी याच भानगडीत गेली. संडासाच्या झडपांचा घोळ, पाणी आत, ते खालच्या बॅटरीपर्यंत, बॅटरीतून क्लोरीन, शेवटी वर यावं लागलं आणि बोट गमवावी लागली. विनोद वाटतो, पण माणसं गेली त्यात.

खडूस_काकू

जेवताना वाचत होते. धन्यवाद.

परदेशीपक्षी

मी शिकागोजवळ राहते. इथल्या विज्ञान संग्रहालयात यू-५०५ आहे, ४ जून १९४४ ला अमेरिकन नौदलाने भर समुद्रात जिवंत पकडलेली जर्मन पाणबुडी. ती आता जमिनीखाली बांधलेल्या दालनात आहे, प्रकाशयोजना, आवाज, सगळं झकास. सासूबाई आल्या होत्या तेव्हा नेलं. त्यांना आवडलं, पण त्या म्हणाल्या, "सिनेमा बघितल्यासारखं झालं."

त्याच सासूबाई पुढच्या वर्षी भारतात परतल्यावर विशाखापट्टणमला गेल्या आणि फोनवर पाऊण तास कुर्सुराबद्दल बोलल्या. मला वाटतं फरक समुद्राचा आहे. दारातून बाहेर पडलं की समोर तोच समुद्र, मीठ ओठावर. @अनवाणी, वाळूतली पाणबुडी असं तुम्ही म्हणता, पण शिकागोत तर जवळपास समुद्रच नाही, आणि तरी लोक रांगा लावतात.

अनवाणी

ठीक आहे, मनातलं सांगतो. मी मुंबईकर. लहानपणी विक्रांत बघायला गेलो होतो, संग्रहालय होतं तेव्हा. वडिलांनी खांद्यावर घेऊन डेक दाखवला होता. २००१ मध्ये संग्रहालय सुरू झालं, २०१२ मध्ये बंद पडलं, २०१४ मध्ये भंगारात विकलं. १९७१ ची विक्रांत. भंगारात. विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचं तर इकडे सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायचं म्हणत होते, २०२० मध्ये तीही अलंगला भंगारात गेली. आंध्रवाल्यांनी मात्र साडेपाच कोटी घालून एक पाणबुडी लाटांमधून ओढत वर आणली आणि दोन दशकं झाली, जपली. मला वाळूचा राग नाही. त्यांना जमलं आणि आपल्याला नाही, याचा आहे.

खडूस_काकू

हे आधी लिहिलं असतंस तर भांडण झालं नसतं रे.

सागरगोटा

अनवाणी, तुमच्याशी सहमत. पण विमानवाहू नौका आणि पाणबुडी यांची तुलना थोडी अन्यायाची. विक्रांतला गोदी लागत होती, आणि पाण्यात तरंगत असलेलं जहाज दरवर्षी गंजतं, कुजतं, पैसे खातं. पाणबुडी एकदा काँक्रीटवर बसवली की खालचा प्रश्न मिटतो. रंग आणि खारा वारा एवढीच लढाई. मी पुलांच्या कामात आहे म्हणून सांगतो, समुद्रकाठचं पोलाद पाण्यात ठेवणं आणि पाण्याबाहेर ठेवणं यात जमीनअस्मानाचा फरक.

आणि अगदीच काही नाही असं नाही. आयएनएस गुलदार हे नौदलाचं निवृत्त जहाज निवतीच्या समुद्रातल्या पाण्याखालच्या संग्रहालयासाठी महाराष्ट्राला मिळालं आहे. विशाखापट्टणममध्ये पाणबुडी पाण्याबाहेर काढून दाखवतात, सिंधुदुर्गात जहाज पाण्याखाली घालून. बघू.

अनवाणी

बघू. हाच शब्द २०१२ पासून ऐकतोय.

चहाबाज

दोन दिवस कामात होतो, धागा कुठल्या कुठे गेला! सगळ्यांचे आभार, बुडबुडा यांचे खास.

राहिलेलं थोडं. कुर्सुराच्या समोर, रस्ता ओलांडला की टीयू-१४२ विमानाचं संग्रहालय आहे, डिसेंबर २०१७ पासूनचं. हे विमान नौदलाचं, काम पाणबुड्या शोधून मारण्याचं. पन्नास मीटर पंखविस्तार, चार इंजिनं आणि प्रत्येक इंजिनावर एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन पंखे. २९ वर्षं एकही अपघात न होता उडालं. लेक दोन्हीच्या मधे रस्त्याच्या दुभाजकावर उभी राहून म्हणाली, "म्हणजे हा ह्याला पकडायला आहे आणि दोघं रिटायर झाल्यावर समोरासमोर राहतात?" मी म्हटलं, आपल्या सोसायटीत जोशी आणि देशपांडे राहतात तसं. (नावं बदलली आहेत.)

आणखी एक, जे काकांनी सांगितलं आणि मी पहिल्या लेखात विसरलो. कुर्सुरा सेवेतून गेली असली तरी तिला 'ड्रेसिंग शिप'चा मान आहे. म्हणजे विशेष दिवशी सेवेतल्या जहाजांवर जशा ध्वजांच्या माळा चढवतात तशा तिच्यावरही. सहसा निवृत्त बोटींना हे मिळत नाही. आईचं म्हणणं, "पेन्शन आणि मान दोन्ही. नशीबवान."

आता मूळ मुद्दा. बुडबुडा यांचं उत्तर काल रात्री आईला वाचून दाखवलं. चष्मा लावून परत स्वतः वाचलं. खाऱ्या पाण्यात भांडी इथे थांबली. मग म्हणाली, "हे काही मला पटत नाही. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. मी अलिबागला लग्नात बघितलंय, विहीर मचूळ होती, पातेली घासून घासून हात दुखले पण तेलकटपणा जाईना. त्यांना विचार, घासायचे कशाने?"

विचारतोय. माझी अजून सुटका झालेली नाही.

बुडबुडा

काकूंना साष्टांग नमस्कार सांगा. निवृत्तीनंतर शाळाशाळांमधून व्याख्यानं दिली, किती खोल जाता, किती वेग, भीती वाटते का, हे शेकडो वेळा विचारलं गेलं. हे कुणी विचारलं नव्हतं.

बरोबर आहे त्यांचं. साबण चालत नाही. धुण्याची पावडर वापरायचो, डिटर्जंटला खाऱ्या पाण्यातही फेस येतो. आणि चिकट पातेली असतील तर आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यायची, मग पाणी. कागद मात्र जपून वापरायचा, कारण वर्तमानपत्रं वाचायलाही तीच होती.

टिकलीताई

परवा जाऊन आलो. मुलगा झडपांना घाबरला आणि झोपायच्या फळ्यांवरून हलेचना. "मी इथे झोपतो, तुम्ही जा." गाइड काकांनी त्याला उचलून बाहेर आणलं. सोमवारी गेलो नाही, चहाबाज यांच्या कृपेने.

स्वयंपाकघरापाशी आम्हीही थांबलो. मागून एक बाई नवऱ्याला म्हणत होत्या, "बघा, आणि तुम्हाला किचनला चार फूट जास्त लागतात." मराठीच होत्या. इथल्याच कुणी का?

खडूस_काकू

मी नव्हे. पण वाक्य माझंच.

चहाबाज

@बुडबुडा, पावडर आणि वर्तमानपत्र दोन्ही सांगितलं. आई "मग ठीक" म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली.